दिल्लीदर्शन : थोडे पाहावे, नीट पाहावे

सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे अशा ठिकाणांहून हस्तिनापूरच्या यात्रेस निघालेली अनेक जैन कुटुंबे दिल्लीमार्गे जातात आणि जाता-येता दोन-तीन दिवस राजधानीसाठी राखून ठेवतात. आजी-आजोबा, मधली पिढी आणि शाळकरी मुले अशी आठ-दहा माणसे, भाड्याची गाडी आणि चालकाने हाती दिलेली बारा स्थळांची यादी, असे त्या प्रवासाचे स्वरूप असते. इंडिया गेटपाशी दहा मिनिटे, कुतुबमिनारपाशी अर्धा तास, लाल किल्ला तर बाहेरूनच. सायंकाळी आजीचे पाय सुजलेले असतात, सूर्यास्तापूर्वीच्या जेवणासाठी धावपळ होते आणि मुलांच्या हाती छायाचित्रांखेरीज काही उरत नाही. दुकानात आलेला माल पारखल्याविना न घेणारी माणसे प्रवासात मात्र सारे काही न पारखताच पदरात पाडून घेऊ पाहतात.

दिल्ली ही बारा स्थळांची यादी नव्हे. या शहरातील काही शिलालेख, काही वजने आणि काही ग्रंथांच्या आठवणी व्यापारी जैन कुळांच्या पूर्वसुरींपर्यंत पोहोचवतात; मात्र नेहमीचे वाटाडे त्यांच्यापाशी थांबत नाहीत. दिवसाला एक मुख्य स्थळ आणि त्याच्या आसपासचे एखाद-दुसरे ठिकाण, एवढेच ठरवले तर तीन दिवसांत या खुणा शांतपणे पाहून होतात.

वार आणि वेळ

दिल्लीचा बेत आखताना पहिला विचार सोमवारचा करावा. राष्ट्रीय संग्रहालय, लाल किल्ला, राष्ट्रपती भवन आणि गांधी स्मृती ही सारी ठिकाणे सोमवारी बंद असतात. कुतुबमिनार, हुमायूनची कबर आणि फिरोजशाह कोटला मात्र त्या दिवशी खुली असतात; म्हणून सोमवार या स्थळांसाठी ठेवावा. खारी बावली हा मसाल्यांचा घाऊक बाजार पाहावयाचा असेल तर रविवार टाळावा, कारण त्या दिवशी बहुतेक पेढ्या बंद असतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नाही. मोठ्यांची तिकिटे ऑनलाइन काढल्यास खिडकीपुढील रांग टळते.

दुसरा विचार सूर्यास्ताचा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. चौविहार पाळणाऱ्या कुटुंबाने साडेचारला जेवणाच्या ठिकाणी पोहोचलेले असावे. धर्मशाळेच्या भोजनालयात सकाळीच सांगून ठेवणे उत्तम. बाहेर जेवताना ‘शुद्ध शाकाहारी’ या पाटीवर विसंबू नये. कांदा-लसूण आणि बटाटा यांविषयी स्वतंत्रपणे विचारावे. उकळलेले पाणी, खाकरा, दशमी आणि सुका मेवा सोबत असला की दुपारची चिंता उरत नाही. वृद्धांसाठी मेट्रो सोयीची आहे. लाल किल्ला, कुतुबमिनार आणि केंद्रीय सचिवालय या स्थानकांवरून तिन्ही दिवसांची मुख्य ठिकाणे गाठता येतात.

पहिला दिवस : लाल मंदिर ते अशोकस्तंभ

जुन्या दिल्लीचा दिवस पहाटे सुरू व्हावा. लाल किल्ल्यासमोर, चांदणी चौकाच्या तोंडाशीच श्री दिगंबर जैन लाल मंदिर आहे. या मंदिराचा आरंभ शाहजहानच्या काळात, १६५६ च्या सुमारास, छावणीतील जैन सैनिक व व्यापाऱ्यांच्या देवालयापासून झाल्याचे परंपरा सांगते. ‘उर्दू’ म्हणजे छावणी, म्हणून जुने लोक त्याला उर्दू मंदिर म्हणत. आजची लाल दगडाची इमारत एकोणिसाव्या शतकातील आहे. आवारातच पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय आहे. पतंगाच्या मांजाने पंख कापलेली कबुतरे, उन्हाने कोसळलेले पोपट येथे आणले जातात आणि त्यांच्यावर विनामूल्य उपचार होतात. मुलांना हे रुग्णालय आवर्जून दाखवावे. संक्रांतीला कोणता मांजा वापरावा, हा प्रश्न येथून परतल्यावर वेगळा सांगावा लागत नाही.

येथून पायी किंवा सायकलरिक्षाने धर्मपुऱ्यातील नवे मंदिर गाठावे. बादशाही खजिन्याशी संबंधित असलेले राजा हरसुखराय यांनी १८०७ मध्ये ते उभारले. मंदिर जवळपास पूर्ण होत आले असता त्यांनी काम अचानक थांबवले, अशी कथा आहे. लोकांनी कारण विचारले तेव्हा पैसा संपल्याचे सांगून त्यांनी समाजाकडून थोडी थोडी वर्गणी गोळा केली, काम पुरे केले आणि मंदिर पंचांच्या स्वाधीन केले. खजिनदाराचा पैसा कसा संपेल, हे सर्वांना कळत होतेच. मंदिर एका घराण्याचे न राहता साऱ्यांचे व्हावे, ही त्यामागील इच्छा होती. देणगीच्या पाट्यांवर नावे किती मोठी असावीत याची चर्चा जेथे होते, तेथे ही कथा मुलांपेक्षा वडीलधाऱ्यांनीच अधिक ऐकावी. ही मंदिरे सकाळीच पाहावीत. दुपारी दारे बंद असण्याचा संभव असतो.

नऊ-साडेनऊनंतर लाल किल्ला. शाहजहानने १६३९ मध्ये त्याचे बांधकाम आरंभिले आणि १६४८ मध्ये ते पुरे झाले. सारा किल्ला पायाखाली घालण्याचा आग्रह धरू नये. लाहोरी दरवाजातून छत्ता बाजारात शिरावे. छताखालचा हा बाजार बादशाही घराण्यासाठी मौल्यवान माल विकणाऱ्या व्यापाऱ्यांचा होता आणि आजही तेथे दुकाने आहेत. तेथून दिवाण-इ-आम आणि दिवाण-इ-खास पाहिले की पुरे. दिवाण-इ-खासात मराठी मुलांना छताकडे पाहण्यास सांगावे. १७६० मध्ये पानिपतच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, तेव्हा सैन्याच्या खर्चासाठी येथील छताची चांदी उतरवून नाणी पाडण्यात आली. पुढच्या जानेवारीत पानिपत घडले. लष्कराच्या हिशेबात रोकड संपली की काय होते, हे व्यापाऱ्याच्या मुलाला या छताखाली लवकर समजते.

दुपारच्या विसाव्यानंतर दिल्ली गेट मेट्रो स्थानकाजवळील फिरोजशाह कोटला पाहावा. बहुतेक सहली याला वगळतात. गुरुवारी येथे नवस बोलणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून दुसरा वार निवडावा. तिमजली इमारतीच्या माथ्यावर उभा असलेला सुमारे तेरा मीटर उंचीचा स्तंभ सम्राट अशोकाचा आहे. तो मूळचा आजच्या हरियाणातील टोपरा गावचा. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने कापूस व रेशीम गुंडाळून, अनेक चाकांच्या गाड्यावर चढवून आणि पुढे यमुनेतून नावांवर घालून तो दिल्लीस आणला. त्यावर काय लिहिले आहे हे त्या काळी कोणालाही वाचता आले नाही. ती लिपी १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने उलगडली.

खालून ती अक्षरे वाचता येत नाहीत, म्हणून आशय आधीच ठाऊक असावा. पाचव्या लेखात पोपट, मैना, हंस, कासव अशा अनेक प्राण्यांची हत्या वर्ज्य केल्याची यादी आहे. सातवा लेख तर अशोकाच्या स्तंभांपैकी केवळ याच स्तंभावर आहे. धर्माचे काम पाहणारे अधिकारी बौद्ध संघ, ब्राह्मण, आजीवक आणि निर्ग्रंथ या सर्वांच्या हिताकडे लक्ष देतील, असे त्यात सांगितले आहे. निर्ग्रंथ म्हणजे जैन श्रमण. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाज्ञेत हे नाव कोरलेले आहे आणि सकाळी पाहिलेल्या लाल मंदिरापासून ते फार दूर नाही.

दुसरा दिवस : राष्ट्रीय संग्रहालय

जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालयाची आजची इमारत १९६० मध्ये खुली झाली. आत लक्षावधी वस्तूंचा संग्रह आहे; तो एका दिवसात पाहणे अशक्य, आणि तसा प्रयत्न करणेही अनुचित. दोन ते अडीच तास आणि चार वस्तू, असा नियम करावा. दालनांची रचना अधूनमधून बदलते, तेव्हा कोणती दालने खुली आहेत हे प्रवेशद्वारीच विचारून घ्यावे.

पहिली वस्तू हडप्पा संस्कृतीची वजने. ‘नर्तकी’ची साडेदहा सेंटिमीटरची कांस्यमूर्ती पाहण्यास सारे धावतात, तिच्या पलीकडे दगडाचे गुळगुळीत चौकोनी ठोकळे पाहण्यास कोणी थांबत नाही. ही वजने एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट अशा दुपटीच्या क्रमाने चढत जातात. त्यांतील सर्वाधिक आढळणारे सोळाच्या पटीतील वजन साडेतेरा-पावणेचौदा ग्रॅमचे, म्हणजे तोळ्याहून थोडे जास्त भरते. परस्परांपासून शेकडो कोस दूर असलेल्या नगरांत ही मापे सारखीच सापडली. रुपयाचे सोळा आणे असत, हे आजोबांनी येथेच नातवंडांना सांगावे. साडेचार हजार वर्षांपूर्वीही परगावचा व्यापार एका विश्वासावर चालत होता, तो म्हणजे मापात खोट नसण्याचा.

दुसरी वस्तू नाण्यांची. ती पाहताना ठक्कुर फेरू हे नाव आठवावे. हे श्रीमाळ कुळातील जैन गृहस्थ खिलजींच्या काळात दिल्लीच्या टांकसाळीशी संबंधित होते. १३१८ मध्ये त्यांनी ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ लिहिला. निरनिराळ्या राज्यांतील नाण्यांचे वजन, त्यांतील चांदी-सोन्याचे प्रमाण आणि परस्परमूल्य यांची त्यात नोंद आहे. हे ज्ञान त्यांनी आपल्या बंधूसाठी आणि पुत्रासाठी लिहून ठेवले. धंद्यातील कसब पुढच्या पिढीला तोंडी न देता ग्रंथरूपाने देणारा असा पिता विरळाच.

तिसरी वस्तू बिकानेरजवळच्या पल्लू येथील बाराव्या शतकातील संगमरवरी सरस्वती. ही जैन परंपरेतील श्रुतदेवता आहे. लहान मुलांना हातांतील वस्तू आणि दागिने मोजण्यास सांगावे. पंधरा मिनिटे ती शांत राहतात आणि मोठ्यांनाही मूर्ती निरखता येते.

चौथी वस्तू मथुरेच्या कंकाली टीला येथील आयागपट. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या चौकोनी शिलापट्टावर मध्यभागी ध्यानस्थ जिनप्रतिमा आणि भोवती मंगलचिन्हे कोरलेली आहेत. त्यावरील लेखाचा आरंभ अर्हंतांना नमन करून होतो. सिहक नावाच्या वणिकाचा पुत्र सिहनादिक याने अर्हंतांच्या पूजेसाठी हा पट स्थापन केला, असे त्यात म्हटले आहे. वणिक, म्हणजे व्यापारी. त्याची पेढी कशाची होती, त्याच्याकडे किती धन होते, याची काहीच नोंद उरलेली नाही. पित्याचे नाव, पुत्राचे नाव आणि दिलेली वस्तू, एवढेच दोन हजार वर्षे टिकले. कुटुंबाने या पटासमोर थोडा अधिक वेळ थांबावे.

तिसरा दिवस : कुतुब परिसर आणि मेहरौली

कुतुबमिनारला सकाळी लवकर जावे. नऊनंतर शाळांच्या सहली येऊ लागतात. मिनार सुमारे त्र्याहत्तर मीटर उंच आहे. १९८१ मधील दुर्घटनेपासून आत चढण्यास मनाई आहे. शेजारच्या प्रांगणातील लोहस्तंभ गुप्तकालीन असून सोळाशे वर्षांत तो गंजून गेलेला नाही.

याच प्रांगणातील मशिदीच्या बांधकामात सत्तावीस देवळांची सामग्री वापरल्याचे तिच्या पूर्व द्वारावरील शिलालेखातच नमूद आहे. त्यांत हिंदू व जैन अशी दोन्ही मंदिरे होती. खांबांवर साखळीला टांगलेल्या घंटा, पूर्णकुंभ आणि काही ठिकाणी पद्मासनातील झिजलेल्या आकृती दिसतात. मुले नेमका येथेच प्रश्न विचारतात आणि वडीलधाऱ्यांची येथे खरी परीक्षा होते. घडले ते लपवू नये. पण आठशे वर्षांपूर्वीच्या कृत्याचा राग आजच्या शेजाऱ्यावर काढण्याची शिकवणही देऊ नये. त्याऐवजी एक हकिगत सांगावी. ही तोडफोड होण्यापूर्वी, ११३२ मध्ये, तोमर राजवटीतील याच नगरीत विबुध श्रीधर या कवीने ‘पासणाहचरिउ’ हे पार्श्वनाथांचे अपभ्रंश भाषेतील चरित्र रचले. त्यास आश्रय दिला तो नट्टल साहू या दिल्लीच्या श्रेष्ठीने. नगरीचे ‘ढिल्ली’ हे नाव ज्या जुन्या ग्रंथांत आढळते, त्यांत याची गणना होते. देवळांचे खांब विखुरले. श्रेष्ठीने लिहवून घेतलेला ग्रंथ भांडारांतील हस्तलिखितांनी जपला.

येथून जवळच मेहरौलीत अहिंसा स्थळ आहे. टेकडीवर भगवान महावीरांची भव्य पद्मासनस्थ मूर्ती आहे आणि भोवती बाग. बाराव्या शतकातील मणिधारी जिनचंद्रसूरींची दादावाडीही याच भागात आहे. प्रवासाची अखेर येथे करावी. मुलांना धावण्यास मोकळी जागा मिळते आणि ज्येष्ठांना सामायिकासाठी शांतता.

चौथा दिवस हाती असेल तर हुमायूनची कबर आणि गांधी स्मृती पाहावी. मुंबईचे जवाहीर व्यापारी श्रीमद् राजचंद्र यांचा गांधीजींच्या विचारांवर किती प्रभाव होता, हे त्या वास्तूत मुलांना सांगण्याजोगे आहे. चौथा दिवस नसेल तर हळहळू नये. दिल्ली पुन्हा येण्याजोगी आहे.

प्रत्येक मुलाला निघण्यापूर्वी एक कोरी वही द्यावी आणि रोज रात्री धर्मशाळेत, दिव्याखाली सर्वांनी बसून दिवसाची रोजकीर्द लिहावी. काय पाहिले, ते कोणी केले, कोणासाठी केले आणि त्यातून आपल्याला काय मिळाले, एवढे चार रकाने पुरेत. लिहिताना एखादा रकाना रिकामा राहिला तर त्या ठिकाणी घाई झाली असे समजावे आणि दुसऱ्या दिवशीच्या यादीतून एक स्थळ कमी करावे.