बॉल उठला की बसला

आमच्या खांब गावाकडे भाताची कापणी झाली की खुंट काढून, रोलर फिरवून खाचरांतच टेनिस क्रिकेटची मैदानं उभी राहतात. स्पर्धा कुणाचीही असो, बॉल निवडायचं काम बहुधा माझ्या गळ्यात पडतं. दुकानात लोक बॉल अंगठ्याने दाबून बघतात. दाबून मऊपणा कळतो. टप्पा कळायला बॉल टाकावाच लागतो.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची कसोटी अगदी साधी. २५४ सेंटीमीटरवरून टणक, सपाट जमिनीवर सोडलेला नेहमीचा बॉल १३५ ते १४७ सेंटीमीटर उठला पाहिजे. मी भिंतीवर खडूने त्याच रेघा ओढतो. बॉल ढकलायचा नाही, नुसती बोटं सोडायची. नजर रेघेच्या उंचीलाच हवी. वरून किंवा खालून बघितलं की आकडा चुकतो. मोबाइलवर स्लो मोशन घेतलं की वादच मिटतो.

आमचे जड टेनिस बॉल त्या रेघांपर्यंत पोचत नाहीत, आणि माझं त्यावाचून काही अडतही नाही. किती उठला यापेक्षा दर वेळी तेवढाच उठतो का, हे मी बघतो. बॉल बसत असेल तर फलंदाज दोन षटकांत जुळवून घेतो. एकदा कमरेला, एकदा घोट्याला येणाऱ्या बॉलशी कोण जुळवून घेणार?

म्हणून बॉल फिरवून फिरवून टाकतो. टेनिस बॉल म्हणजे रबराच्या दोन वाट्या चिकटवून वर लोकर-नायलॉनचं कापड. एका अंगाला रबर जाड राहिलं की त्या अंगावरचा टप्पा वेगळा पडतो. आतल्या हवेच्या दाबावर उसळणारा बॉल डबा उघडल्यापासून हळूहळू मरत जातो. बिनदाबाचा, जाड रबराचा बॉल जास्त टिकतो. पण रबर कुठलंही असो, सकाळच्या गारव्यात ते कमी उसळतं, दुपारी तापलं की जास्त. त्यामुळे सगळे बॉल एकाच वेळी, सावलीत ठेवून तपासायचे. आत कॉर्क आणि दोरा असलेल्या लेदरच्या बॉलचं गणितच निराळं. तो शिवणीवर पडला की दिशा बदलतो, आणि गोलंदाजाला तेच हवं असतं.

खरी पंचाईत बॉल झाडीत हरवला की होते. पाचव्या षटकात कोरा बॉल कसा द्यायचा? म्हणून वापरलेले बॉल मी टाकत नाही. टप्प्याप्रमाणे पेनने खूण करून पिशवीत ठेवतो. हरवलेल्या बॉलइतकंच कापड झिजलेला, तितकाच उठणारा बॉल शोधून पंचांच्या हातात देतो. ‘हा जास्त उठतोय’ अशी ओरड तरीही होतेच, बहुतेक वेळा पहिला चेंडू पडायच्या आधी.