काठाची मोजणी

मुळामुठेच्या तीरावर, थेऊरपासून फार दूर नसलेल्या ज्या गावी आमच्या घराण्याची शेती आहे, तेथील ग्रामसभेत नदीकाठ सुशोभित करण्याची दरखास्त प्रथम वाचली गेली, तेव्हा तिला हरकत घ्यावी असे कोणाच्याही मनात आले नाही, हे आधी नमूद केले पाहिजे. दगडी घाट, फरसबंदी मार्ग, दिव्यांचे खांब आणि पात्रालगत बांधीव भिंत, असा तो आराखडा होता. आणि पुण्यात मुळा, मुठा व मुळामुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या नदीकाठाचे काम निघाल्यापासून आमच्याकडील तरुण मंडळींनाही आपला काठ तसाच देखणा व्हावा, अशी स्वाभाविक आकांक्षा उत्पन्न झाली होती. मसुदा वाचून संपला, तोच मागे बसलेल्या एका वृद्ध बागायतदाराने विचारले, "घाट बांधाल, पर उतरायचं कुनी? त्या पान्यात म्हस बी पाय घालंना."

सभेत हशा पिकला खरा, पण प्रश्न तसाच उरला. मुठेचे पाणी खडकवासल्याला अडते व कालव्याने निघून जाते. त्यामुळे पावसाळा सरला की आमच्यापुढून जे वाहते त्यात बव्हंशी पुणे शहराचे सांडपाणी असते, आणि त्यातील पुष्कळसे शुद्धीकरणाची तसदी न घेताच नदीत सोडलेले असते. त्यावर जलपर्णी इतकी माजते की परक्या माणसास तेथे हिरवे कुरणच पसरले आहे असे वाटावे. अर्थात याच पाण्यावर आमचा ऊस पोसला जातो, त्यातील मैल्याने खताचा खर्चही थोडा वाचतो, आणि म्हणून नदीच्या दुर्दशेबद्दल बोलताना आम्हा बागायतदारांचा आवाज नेहमीच किंचित दबलेला असतो. ही गोष्ट अर्जात लिहिण्याजोगी नसली तरी येथे लपविण्याचे कारण नाही.

पुढे मोजणीचे नकाशे घेऊन आम्ही काही जण काठाने हिंडलो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल, हे सर्वांना ऐकून ठाऊक होते. परंतु नियोजित भिंत निळ्या रेषेच्या पुष्कळच आत, ऐन वाळुंज, करंज आणि शेरणीच्या झाडोऱ्यातून जाते, हे शेताच्या बांधावर उभे राहून पाहिल्यावाचून ध्यानात येत नाही. सातबाऱ्यावर पोटखराब म्हणून पडलेली ही जागा पुराचे पाणी पसरवून घेते, त्याचा वेग मोडते आणि गाळ धरून ठेवते. तिच्यावर भराव घालून भिंत उभारली, तर तेवढे पाणी वर चढणार किंवा समोरच्या तीरावरील मळ्यांत शिरणार, हे सांगावयास स्थापत्यशास्त्र लागत नाही. आमच्या वडीलधाऱ्यांनी १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हाच्या पाण्याची खूण दाखविली. तो पाऊस नव्हे, धरणाचा अपघात होता, असे सोबत आलेल्या अधिकाऱ्याचे म्हणणे पडले. पाणी दारात आल्यावर त्याला कारण कोण पुसतो, असे म्हाताऱ्यांचे. शास्त्रदृष्ट्या अधिकाऱ्याचेच बरोबर असेल; मला मात्र म्हाताऱ्यांचा प्रश्न अधिक समर्पक वाटला.

हरकतीचा अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. आधी सांडपाण्याचा बंदोबस्त व्हावा, काठावरचा झाडोरा राखावा, पायवाट हवी तर ती कच्ची आणि पुराच्या पाण्याला अडथळा न होईल अशी असावी, आणि भिंतीची कल्पना सर्वथैव सोडून द्यावी, असा त्याचा मथितार्थ होता. पैलतीरावरील गावाशी आमचे वाळूच्या हद्दीवरून जुने वैर. तरीही तेथील लोकांनी अर्जावर सह्या केल्या, कारण आमची भिंत म्हणजे त्यांचा पूर हे त्यांना आमच्याही आधी उमगले होते. कचेरीत अर्जाची पोच मिळाली; सुनावणीची तारीख अद्याप पडावयाची आहे. घाट मागणारी पोरे माझ्यावर रुष्ट आहेत, आणि त्यांचे म्हणणे केवळ हौसेचे होते असे मला म्हणवत नाही. गावठाणात इंच इंच जागा बांधून निघाल्यावर संध्याकाळी बायकांना आणि म्हाताऱ्यांना घटकाभर बसावयास नदीकाठावाचून दुसरी मोकळी जागा आम्हीच शिल्लक ठेवलेली नाही.