बेट आणि बेत

नकाशात पाहिले असता भूमध्य समुद्रातील कोर्सिका हे बेट मूठ आवळून तर्जनी उत्तरेकडे रोखलेल्या हातासारखे दिसते. आमच्या नातीने ल्योंहून टपालाने धाडलेला हा नकाशा गेल्या नोव्हेंबरपासून इंदुरातील आमच्या दिवाणखान्यात दिनदर्शिकेच्या शेजारी लटकतो आहे. येणारेजाणारे त्याविषयी विचारतात, आम्ही सांगतो, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात त्यांची आता आम्हांला सवय झाली आहे. सत्तरी ओलांडलेली दोन माणसे परमुलखात जाऊन तंबूत राहणार, ही वार्ता रामबागेत अद्याप कोणी गंभीरपणे घेतलेली नाही.

कन्येचे बिऱ्हाड फ्रान्समध्ये ल्यों शहरात होऊन चौदा वर्षे झाली. आम्ही उभयता तेथे तीनदा जाऊन आलो. परंतु तिन्ही वेळा चौथ्या मजल्यावरील घर, खालचा बाजार आणि नदीकाठचा बाक यांपलीकडे आमची मजल गेली नाही. या खेपेस तेरा वर्षांच्या नातीने अटच घातली. "आजोबा, यंदा घरी राहायचे नाही. आपण सगळे कोर्सिकाला जाऊ आणि तंबूत राहू." सौ.ने ते ऐकून एवढेच म्हटले, "या वयात माणसे काशीस जातात, तंबूत नव्हे." तथापि तिने नकाशाला टाचण्या स्वतःच्या हाताने लावल्या, ही गोष्ट आमच्या नजरेतून सुटली नाही.

या बेटाविषयी आमचे ज्ञान नेपोलियनपाशी सुरू होऊन तेथेच संपत होते. तो १७६९ साली तेथील अजाक्सिओ गावी जन्मला, आणि त्याच्या आदल्याच वर्षी जिनोव्हाच्या प्रजासत्ताकाने हे बेट फ्रान्सच्या हवाली केले होते. त्याही आधी, १७५५ पासून, पास्काल पाओली या पुढाऱ्याने तेथे स्वतंत्र राज्य उभारून त्यास लिखित राज्यघटना दिली होती आणि डोंगरातील कोर्ते या राजधानीत विद्यापीठही स्थापिले होते, हे आम्हांस आता या वयात कळले. बेट उत्तर-दक्षिण सुमारे १८० किलोमीटर लांब आणि फार तर ८५ किलोमीटर रुंद. एवढ्याशा जागेत २,७०६ मीटर उंचीचे मोंते चिंतो हे शिखर उभे आहे, आणि समुद्र तेथून पंचवीसएक किलोमीटरवर. सकाळी समुद्रस्नान आणि दुपारी देवदारासारख्या उंच पाइनच्या अरण्यात फेरफटका, असे तेथे खरोखरच करता येते.

बेताचा पहिला आराखडा आमचा होता आणि तो, कबूल करावयास हवे, निव्वळ फुशारकीचा होता. कोर्सिकाच्या कण्यावरून कालेंझाना ते कोंका अशी सुमारे १८० किलोमीटरांची 'जी. आर. २०' नावाची पायवाट जाते. तिचे सोळा टप्पे आहेत आणि युरोपातील अतिशय खडतर वाटांत तिची गणना होते. तारुण्यात जानापावची टेकडी कैक वेळा चढल्याच्या बळावर आम्ही तिचे निदान दोन टप्पे चालण्याचे घोषित केले. जावयांनी अदबीने ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्या वाटेवरील साखळ्या लावलेल्या कातळांची छायाचित्रे धाडली. सोबत एक अक्षरही नव्हते. त्या विषयावर घरात पुन्हा चर्चा झाली नाही.

मग खरा प्रश्न उभा राहिला तो महिन्याचा. एप्रिलच्या सुटीत डोंगरमाथ्यावर बर्फ असते आणि तंबूंचे बरेच तळ उघडलेलेही नसतात. सप्टेंबर उत्तम, समुद्र उबदार आणि गर्दी ओसरलेली. पण तोवर नातवंडांची शाळा सुरू होते. ऑगस्टमध्ये निम्मे फ्रान्स समुद्रकाठी लोटते आणि जहाजाचे भाडे कडाडते. तरीही जावयांच्या रजेच्या सोयीने ऑगस्टचा मध्य ठरू घातला होता. तेवढ्यात, एके दुपारी त्या महिन्यातील हवामानाची माहिती शोधीत असता, आमच्या वाचनात १८ ऑगस्ट २०२२ ही तारीख आली.

त्या सकाळी बालेआरिक बेटांकडून निघालेले एक प्रचंड वादळ कोर्सिकाच्या पश्चिम किनाऱ्यावर आदळले. मारिन्याना येथे वाऱ्याचा वेग ताशी २२४ किलोमीटर नोंदला गेला. त्या उन्हाळ्यात भूमध्य समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा कितीतरी तापलेले होते, आणि अशा पाण्यावरून येणाऱ्या वादळास त्यातूनच बळ मिळते. धोक्याची मोठी सूचना लोकांपर्यंत पोहोचली तेव्हा वारा दारात येऊन ठेपला होता. बेटावर पाच माणसे दगावली. त्यांतली दोन तंबूंच्या तळांवर मुक्कामास होती, आणि दोघांचाही अंत एकाच प्रकारे झाला: वर झाड कोसळले. त्या दोघांतली एक शाळकरी मुलगी होती, आमच्या नातीच्या आजच्या वयाची.

हे आम्ही सौ.स वाचून दाखवावे की नाही, याचा विचार दोन दिवस केला. अखेर दाखविले. तिने चष्मा काढून ठेवला आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. रात्री दूरध्वनीवर आम्ही आडून आडून विषय काढला, तेव्हा पलीकडून नातच म्हणाली, "मला ठाऊक आहे, आजोबा. आजीला सांगितले असते तर ती येणार नाही म्हणून मी बोलले नाही." आम्हांला काय उत्तर द्यावे ते सुचेना. सौ.ने मात्र यंत्र आमच्या हातातून घेतले आणि विचारले, "ती मुलगी तंबूत होती का गं?" नात म्हणाली, "ते ठाऊक नाही आजी, पण तो दुसरा माणूस तळावरच्या भाड्याच्या घरात होता."

या उत्तराने सारा बेत बदलला. कारण तोवर आमची तडजोड तीच ठरली होती की, तंबू नातवंडांचा आणि आमच्यासाठी त्याच तळावरील भाड्याचे लाकडी घर. तळावरील या घरांना फळ्यांच्या भिंती, पलंग आणि छोटी मोरी असते. त्यामुळे मन निश्चिंत राहते. परंतु पन्नास फूट उंचीचे झाड आडवे झाले म्हणजे कापड काय आणि फळी काय! प्रश्न आपण कशाखाली झोपतो हा नसून त्याच्याही वर काय उभे आहे हा आहे, असे सौ. म्हणाली. आम्ही आयुष्यभर बांधकाम खात्यात नोकरी केली. हा विचार खरे तर आम्हांस सुचावयास हवा होता.

मग तिच्याच सांगण्यावरून कन्येने पाच-सहा तळांच्या चालकांना फ्रेंचमध्ये पत्रे लिहिली. प्रश्न तीनच. तुमच्या जागेवर झाडे कोणती आणि ती तपासून छाटली केव्हा? वादळ वा वणवा आला तर माणसांना कोठे नेता? आणि ती इमारत दगडविटांची आहे काय? दोन ठिकाणांहून उत्तरच आले नाही. एका ठिकाणाहून पोहण्याच्या तलावाचे आणि घसरगुंडीचे रंगीत पत्रक आले. काल्वीच्या पूर्वेस, समुद्रापासून थोड्या अंतरावर असलेल्या एका लहान तळाच्या बाईंनी मात्र हाताने नकाशा काढून धाडला: निलगिरीची उंच रांग कोठे, बुटकी ऑलिव्हची झाडे कोठे, दगडी कोठीघर कोठे. ऑलिव्हकडच्या जागेवर त्यांनी फुली मारली होती आणि सावली कमी मिळेल असे खाली स्पष्ट लिहिले होते. आम्ही तीच जागा घेतली. सावलीसाठी एक वेगळे कापड ताणून बांधता येते.

महिनाही बदलला. शाळा सुटताच, जुलैच्या पहिल्या आठवड्यात निघावयाचे आणि बारा रात्री राहून परतावयाचे, असे ठरले. जुलै निर्धोक आहे अशी आमची समजूत नाही. तेव्हा भय वणव्याचे असते. तेथील डोंगरउतार 'माकी' नावाच्या दाट, सुवासिक झुडपांनी झाकलेले आहेत. ती उन्हात वाळली आणि वारा सुटला की ठिणगी पुरते. म्हणून उन्हाळ्यात उघड्यावर विस्तव पेटविण्यास मनाई असते, वाटेल तेथे तंबू ठोकण्यास तर बाराही महिने बंदी आहे, आणि दुसऱ्या दिवशी कोणती अरण्ये बंद राहतील याचा नकाशा सरकार रोज प्रसिद्ध करते. संकटसमयी त्या टापूतील साऱ्या भ्रमणध्वनींवर इशारा धाडण्याची व्यवस्थाही २०२२ पासून फ्रान्समध्ये आहे. आमच्या यंत्रावर तो फ्रेंचमध्ये आला तर काय करावयाचे, हे नातीने चिठ्ठीवर देवनागरीत लिहून दिले आहे: कोठीघराकडे चालू लागा, सामान घेऊ नका.

नदीकाठच्या जागेवरून मात्र जावयांशी थोडी खडाजंगी झाली. चार रात्री डोंगरात, कोर्ते गावाजवळ काढावयाच्या होत्या आणि त्यांना अगदी पाण्याला लागून असलेली जागा आवडली होती. हिरव्या पाण्याचे डोह, गुळगुळीत दगड, खरोखरच मोह पडावा असे दृश्य. आम्ही इतकेच म्हणालो की, इंदूरच्या माणसास हे शिकवू नका. २०११ च्या जुलैत पातालपाणीच्या धबधब्यावर सहलीस गेलेली माणसे अचानक वाढलेल्या पाण्यात कशी वाहून गेली, ते साऱ्या शहराने पाहिले आहे. कोर्सिकाच्या डोंगरांतही उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी पाऊस होतो आणि वर पडलेले पाणी खाली स्वच्छ ऊन असताना येऊन पोहोचते. जावई दोन दिवस रुसले. नंतर त्यांनी वरच्या पायरीवरील जागा ठरविली. डोहात सकाळी उतरावयाचे आणि दुपारी वर यावयाचे, एवढा सलोखा झाला.

उरलेली तयारी किरकोळ म्हणावी अशी, पण वेळ तिनेच खाल्ला. व्हिसासाठी राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो. ल्योंपुरता तो कन्येने तेथील नगरपालिकेतून यजमानपत्र काढून दिला आणि बेटापुरत्या तळांच्या पावत्या जोडल्या. ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा उतरविला. गॅसची नळकांडी विमानात नेता येत नाहीत, तेव्हा चूल आणि इंधन तिकडेच घ्यावयाचे. शिधा मात्र सौ.ने इकडून बांधला आहे: जाडे पोहे, मेतकूट, भाजणी, आणि इंदुरी शेव, जिच्यावाचून पोहे म्हणजे तिच्या मते रुग्णाचा आहार. तेथे चेस्टनटच्या पिठाची पोळी आणि पिठल्यासारखा घट्ट 'पुलेंदा' मिळतो. डोंगरातील लोकांनी शतकानुशतके या पिठावर दिवस काढले. आमच्या उपवासाच्या शिंगाड्याच्या पिठाशी त्याची तुलना करून पाहण्याचे सौ.ने ठरविले आहे. मेंढीच्या दुधाच्या निवळीपासून होणारे 'ब्रोच्यु' नावाचे ताजे चीज मात्र मुख्यतः हिवाळा ते जून या काळातले. तेवढे जुलैमुळे हुकणार.

फेब्रुवारीत आम्ही गच्चीवर रंगीत तालीम केली. शेजारच्या मुलाकडून तंबू मागून आणला आणि एक रात्र त्यात काढली. दोन गोष्टी कळल्या. एक, जमिनीवरच्या पातळ गादीवरून उठताना सौ.चे गुडघे साथ देत नाहीत. पहाटे तिला उठविण्यासाठी आम्ही ओणवे झालो आणि मग दोघांनाही उठता येईना. शेवटी दूधवाल्याची हाक येईपर्यंत आम्ही तसेच हसत बसून राहिलो. दुसरी, ठेंगण्या तंबूत रांगत शिरणे या वयात जमत नाही. त्याप्रमाणे ल्योंला कळविले. आता उभे राहता येईल असा तंबू आणि घडीच्या दोन खाटा घेतल्या आहेत. वजन वाढले, पण मोटार जहाजावर चढवून न्यावयाची असल्याने ते खपेल. तूलों बंदरातून संध्याकाळी निघालेले जहाज सकाळी बास्तियास लागते.

आमच्या स्वतःच्या हट्टापैकी एकच शिल्लक आहे. कोर्सिकाची आगगाडी मीटर गेजची आहे. एक दिवस मोटार तळावर ठेवून कोर्तेहून तिने दक्षिणेस जावयाचे आणि वेक्क्यो नदीवरील, आयफेलच्या कारखान्याने बांधलेला लोखंडी पूल ओलांडावयाचा. पातालपाणी ते कालाकुंड हा घाट त्याच रुंदीच्या रुळांवरून आम्ही लहानपणापासून पाहिला. त्या गाडीचे बोगदे मोजण्याची आमची जुनी खोड आहे. धाकट्या नातवाने आपणही मोजणार असे कळविले आहे.

कालच नातीचा निरोप आला. तंबूत आजीची खाट दाराशी लावावयाची की आत, एवढेच तिला विचारावयाचे होते. सौ.ने बाईंच्या हस्तलिखित नकाशावर बोट ठेवून ऑलिव्हची झाडे कोणत्या बाजूस येतात ते पाहिले, कोठीघर कोणत्या बाजूस ते पाहिले, आणि "दाराशी" असे कळविले.