बरगडी

मटणाच्या दुकानासमोर उभं राहिलं की गिऱ्हाइकांच्या तोंडी मांडी असते. कुणाला फरा हवा, कुणाला नळी, आणि कलेजी तर उजाडताच संपते. बरगडी मागून घेणारा क्वचित भेटतो. ती वजन पुरं करायला येते, रश्श्यात बाकीच्यांबरोबर उकळते आणि ताटाच्या कडेला हाडांच्या ढिगात जाऊन पडते. तिला खरं कुणी शिजवतच नाही. बोकडाची असो वा डुकराची, जनावराच्या अंगात इतकी चवदार आणि इतकी दुर्लक्षित जागा दुसरी नाही.

बरगडीचं आयुष्य कष्टाचं असतं. जनावर बसलं की त्याची मांडी विसावते, झोपलं की मान टेकते. बरगडीला ती सोय नाही. पहिला श्वास घेतला तेव्हा ती हलली आणि शेवटच्या श्वासापर्यंत हलत राहिली. डुकराला अशा बहुधा चौदा जोड्या असतात, बोकडाला तेरा. पाठीच्या कण्याजवळचा भाग आखूड, वाकडा आणि कमी चरबीचा. पोटाकडे उतरणारा भाग लांब, चपटा, चरबीचे थर घेऊन आलेला. मला हा दुसरा भाग आवडतो. स्वभावाने तो आडदांड आहे, पण त्याच्याशी एकदा जमलं की तो हातचं काही राखत नाही.

दोन बरगड्यांमधल्या स्नायूंना जन्मभर सुट्टी नसते, म्हणून त्यांच्यात कोलॅजेन हे चिवट प्रथिन भरपूर साठलेलं असतं. नवख्या माणसाच्या दातांशी भांडतं ते हेच. पण ओलाव्यात, मंद उष्णतेत पुरेसा वेळ राहिलं तर ते वितळतं आणि त्याचं जिलेटिन होतं. ओठांना किंचित चिकटणारा, बोटांवर रेंगाळणारा जो मऊपणा आपण शोधत असतो तो याचाच. मांडीच्या गुबगुबीत तुकड्यात तो नाही, कारण मांडीने एवढे कष्टच केलेले नसतात.

आमचं बहादरपूर बऱ्हाणपूरच्या अगदी शेजारी, तापीच्या खोऱ्यात आहे. इथल्या बहुतेक घरांत डुकराचं मांस शिरत नाही. कुठे धर्म आड येतो, कुठे सवय, आणि दोन्हींचा मान राखायला हवा. ज्याला आपल्या घरी करायचंय त्याने भांडी वेगळी ठेवावीत आणि शेजाऱ्याला आग्रह करू नये. या गावाची आपली बरगडी बोकडाची. तरीही डुकराच्या बरगडीबद्दल लिहायला मला परकं वाटत नाही, कारण आपल्या मुलखाशी तिची ओळख फार जुनी आहे.

बाराव्या शतकात, ११३० च्या सुमारास, कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. मराठीतल्या अगदी जुन्या पद्यरचनेचे नमुने याच ग्रंथाच्या संगीतविषयक भागात सापडतात, म्हणून आपले वाङ्मयाचे इतिहासकार त्याचं नाव आदराने घेतात. त्याच ग्रंथातल्या अन्नाच्या प्रकरणात डुकराचं मांस भाजण्याची रीत सविस्तर दिली आहे. केस काढण्यासाठी कढत पाणी ओतावं, नाहीतर अंगाला चिखल थापून गवताच्या जाळावर धरावं, मग निखाऱ्यांवर भाजावं. या भाजलेल्या प्रकाराला तिथे 'सुंठक' म्हटलं आहे. राजाच्या ताटात डुकराचं भाजलेलं मांस मानाने वाढलं जात होतं. पुढे जमीनदारांच्या आणि सरदारांच्या घरी रानडुकराची शिकार हा सणासारखा दिवस असे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्या शिकारीवर बंधनं आली. ते योग्यच झालं. आता जी बरगडी घरी येते ती पाळलेल्या डुकराची.

वसई, गोराई, मनोरी, उत्तन या पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांत, जिथे चुलीपाशी अजून मराठीचीच एक बोली ऐकू येते, डुकराच्या मांसाशिवाय लग्नाची पंगत पुरी होत नाही. इंदियाल, सोरपोतेल आणि सोबत फुगे. वर्षाचा मसाला उन्हात वाळवून, भाजून, कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात आणि त्याचं नावही बाटली मसाला. गोव्यात माडाच्या सुरेपासून केलेला व्हिनेगर या मांसाला साथ देतो, आणि सोलांतुलें करताना कोकमाची आंबट सोलं. आंबटपणा आणि डुकराची चरबी यांचं जुळतं हे या किनाऱ्याने फार पूर्वी ओळखलं. अमेरिकेत, मेम्फिस आणि कॅन्सस सिटीच्या बाजूला, तीच गोष्ट टोमॅटो, व्हिनेगर आणि काकवीने साधली गेली. तिथे मात्र एक जास्तीची गोष्ट होती, लाकडाचा धूर. आणि धुराचं म्हणाल तर तो आपल्या खानदेशाला कुणी शिकवायला नको. भरिताची वांगी काटक्यांच्या जाळावर भाजणारा हा मुलूख आहे.

घरी बरगडी शिजवायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. शेजारच्या काकू भिंतीवरून विचारतात, "किती शिट्ट्या द्यायच्या?" कुकरचं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, वीस-पंचवीस मिनिटांत बरगडी मऊ पडते, आणि रश्श्यासाठी ते उत्तमच आहे. पण तिची अर्धी चव पाण्यात उतरते आणि अंगावर ती गडद, खमंग साल धरत नाही. काकूंना मी एवढंच सांगतो की आज शिट्टी नाही, आज दुपार द्यायची.

कारण बरगडीचा सगळा स्वभाव या दुपारीच कळतो. मांस साठ-पासष्ट अंशांना पोचलं की त्यातले तंतू आकसतात आणि पाणी बाहेर टाकतात. खायला ते आता धोक्याचं नसतं, पण चघळावं लागतं. इथेच बहुतेक लोक घाबरतात. जाळ वाढवतात, मग बाहेरून करपतं आणि आतून चामडं होतं. कोलॅजेन खरं वितळायला लागतं ते सत्तर अंशांच्या पुढे, आणि तेही घाई न करता. मांसाचा गाभा नव्वद ते पंच्याण्णव अंशांपर्यंत हळूहळू चढावा लागतो. मधे तापमान कधी कधी अडून बसतं, तासभर काटा हलत नाही. पाझरणारा माठ जसा स्वतःला गार ठेवतो तसं मांसाच्या अंगावरचं पाणी उडत असतं आणि चुलीची उष्णता तिथेच खर्ची पडते. बिघडलेलं काहीच नसतं. डुकराच्या मांसातून होणाऱ्या पट्टकृमीची भीती आपल्याकडे रास्त आहे, आणि नव्वद अंशांपर्यंत शिजलेल्या बरगडीत ती उरत नाही.

आता हाताने करायचं काम. बरगडीच्या आतल्या बाजूला, हाडांवर एक पातळ, चकचकीत पडदा असतो. तो शिजून मऊ होत नाही आणि मसाल्यालाही आत येऊ देत नाही. चमच्याच्या दांड्याने एका टोकाला उचलावा, कोरड्या फडक्यात धरावा आणि ओढावा. चांगला निघाला तर एका ओढीत निघतो. मग मीठ. किलोला बारा ते पंधरा ग्रॅम, आणि ते आदल्या रात्रीच. मीठ हळूहळू आत जातं, पाणी धरून ठेवतं. बाकीचा मसाला सकाळी लावला तरी चालतो, कारण तो वरच राहतो. लाल तिखट, धणे-जिरे, मिरे, लसूण, थोडा गूळ. काळा मसाला मला इथे नको वाटतो. त्यातलं खोबरं लांब वेळ कोरड्या उष्णतेत खवट लागतं.

कच्ची पपई लावू का, हेही कुणीतरी विचारतंच. कबाबासाठी ती ठीक. पण तिच्यातलं पपेन वरच्या थरावर काम करतं, बरगडीच्या वरचा थर त्याने पिठासारखा होतो आणि आतला चिवटपणा जागच्या जागी राहतो. बरगडीला मऊ करायला बाहेरून काही आणावं लागत नाही. तिचं सामान तिच्यापाशी असतं.

धूर कशाचा करायचा यावर मात्र मी ठाम आहे. बहादरपुराच्या आसपास पऱ्हाट्यांना तोटा नाही, पण कपाशीवर फवारण्या इतक्या होतात की तासन्‌तास चालणाऱ्या धुरीसाठी मी त्या वापरणार नाही. कडुनिंबाचा धूर कडू. आंब्याचं किंवा पेरूचं वाळलेलं लाकूड सगळ्यांत चांगलं, आणि खाली बाभळीचा कोळसा. शेगडीत निखारे एका बाजूला, बरगडी जाळीवर दुसऱ्या बाजूला, वर मोठी लोखंडी कढई पालथी. निखारा बरगडीच्या थेट खाली येता कामा नये. चरबी निखाऱ्यावर गळली की जाळ उठतो आणि काजळी बसते. धूर पातळ, जेमतेम दिसेल न दिसेल असा हवा. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड नीट जळत नाही, आणि त्याची चव जिभेवर औषधासारखी बसते. शेगडी नसेल तर घरातला ओव्हन १२५ अंशांवर ठेवावा. त्यात धूर नाही, पण मऊपणा पुरेपूर मिळतो.

दोनेक तासांनी बरगडीचा रंग विटकरी होतो. अमेरिकेत इथे तिला ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळतात. बऱ्हाणपूर जिल्ह्यात तो कागद कशाला आणायचा? 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेत या जिल्ह्याचं पीक केळीच आहे, आणि बागा सगळीकडे आहेत. पानं आधी निखाऱ्यावरून फिरवून घ्यावीत. ती तकाकतात, लवचीक होतात आणि दुमडताना फाटत नाहीत. दोन पदरांत बरगडी बांधावी, केळीच्याच सोपटाच्या दोरीने. जाड बुडाच्या पातेल्यात तळाला अर्धी वाटी पाणी घालून, जाळीवर हे पुडकं ठेवून, झाकण लावून मंद आचेवर दीड-दोन तास. पानाच्या आत वाफ कोंडते, पाणी उडणं थांबतं, अडलेलं तापमान पुन्हा चढू लागतं. पुडकं उघडताना जो वास येतो त्यात धूर असतो, लसूण असतो आणि हिरव्या पानाचा एक गोडसर दरवळही. अमेरिकेतल्या कागदाला हा वास कुठून यायचा?

वरून माखायचं सार शेवटी. टोमॅटो, चिंचेचा कोळ किंवा कोकमाचं आगळ, गूळ, लसूण, लाल मिरची, चिमूटभर सुंठ, आटवून चमच्याला चिकटेल असं. सुरुवातीला लावलं तर गूळ जळून काळाकुट्ट होतो. बरगडी पानातून काढून पुन्हा जाळीवर ठेवायची, सार माखायचं, दहा मिनिटांनी पुन्हा एक हात. ते आटून चकाकू लागलं की पुरे.

झालं हे कसं ओळखायचं? हाडांची टोकं मांस मागे सरून सेंटीमीटरभर उघडी पडतात. चिमट्याने मधोमध उचललं तर अख्खा पट्टा वाकतो आणि वरच्या बाजूला तडा जातो. सुई आत सहज शिरते. मांस हाडावरून आपोआप गळून पडायला हवं, असं पुष्कळांना वाटतं. अमेरिकेतल्या स्पर्धांचे परीक्षक त्याला जास्त शिजलेलं मानतात, आणि मला त्यांचं पटतं. जिथे दात लावला तिथलं मांस स्वच्छ सुटावं आणि शेजारचं हाडाला धरून राहावं. बरगडीने शेवटपर्यंत आपलं हाड सोडू नये.

बोकडाच्या बरगडीला हेच सगळं करायचं, फक्त कमी वेळ. कोवळ्या बोकडाची बरगडी पातळ असते, दोन-अडीच तासांत होते. पण तिचा एक हट्ट सांभाळावा लागतो. बोकडाची चरबी डुकराच्या चरबीपेक्षा वरच्या तापमानाला वितळते, म्हणून गार होताच टाळूला चिकटते. डुकराची बरगडी कोमट झाली तरी गोड लागते, बोकडाची कढत खावी लागते. तेव्हा माणसं आधी पानावर बसवा, मग बरगडी जाळीवरून उतरवा. पट्टा हाडांची बाजू वर करून ठेवला तर सुरी कुठून घालायची ते दिसतं. दोन हाडांच्या मधोमध कापलं की प्रत्येकाच्या वाट्याला दोन्ही बाजूंनी मांस येतं. सोबत कळण्याची भाकरी, फोडलेला कांदा, लिंबू. बऱ्हाणपूरचे मांडे मऊ म्हणून कुणी मागतात, पण बरगडीसमोर मला भाकरीच बरोबर वाटते. मांडा साराने लगेच भिजून जातो.

खाऊन झालेली हाडं टाकू नयेत. धुरी घेतलेली ही हाडं दुसऱ्या दिवशी सालासकट उडदाच्या डाळीबरोबर तासभर शिजू द्यावीत. मग हाडं काढून डाळ घोटावी आणि वरून लसूण-मिरचीची फोडणी द्यावी. मीठ शेवटी, चाखून, कारण हाडांनी आपलं मीठ आधीच डाळीत सोडलेलं असतं.