रेतीवर लिहिलेले ग्रंथ आणि काळ्या मातीतला वाचक

नेर (परसोपंत), जि. यवतमाळ
ज्येष्ठ शुद्ध पंचमी

चिरंजीव भाच्यास,

गोल्फच्या मैदानाची आखणी आणि बांधणी या विषयावर इंग्रजीत विपुल ग्रंथ आहेत. त्यांतले जे शंभर वर्षे टिकले, ते बहुतेक समुद्रकाठच्या रेताड जमिनीला आदर्श मानून लिहिले गेले आहेत, आणि कपाशीच्या काळ्या मातीत वाढलेल्या विद्यार्थ्याने ते हाती घेताना ही गोष्ट आधी ध्यानात ठेवली पाहिजे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधोमध वाळूच्या उंचवट्यांचा, आखूड गवताचा, नांगराला निरुपयोगी असा जो पट्टा असतो त्याला लिंक्स म्हणतात. गोल्फ तिथे वाढला, आणि तिथली जमीन पडलेले पाणी स्वतःच निथळून टाकत असल्यामुळे त्या परंपरेतल्या लेखकांचे बहुतेक लक्ष खेळाच्या डावपेचांकडे लागले. नेर तालुक्यात पाया नेमका उलटा आहे. म्हणून या विषयाच्या याद्यांत आरंभी येणारे आखणीकारांचे ग्रंथ चिरंजीवाने थोडे मागे ठेवावेत आणि वाचनाची सुरुवात माती, गवत व पाणी यांच्या पुस्तकांपासून करावी, असा या पत्राचा स्पष्ट सल्ला आहे.

पहिले पुस्तक चार्ल्स पायपर आणि रसेल ओकली यांचे ‘टर्फ फॉर गोल्फ कोर्सेस’, जे १९१७ साली प्रसिद्ध झाले. टर्फ म्हणजे सतत कापून दाट राखलेल्या गवताचा, मुळांसह मातीला धरून बसलेला थर. दोघेही अमेरिकेच्या कृषी खात्यातले गवताचे अभ्यासक होते आणि त्यांचे लेखन शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत आहे. या विषयात ज्या गवताला बर्म्युडा म्हणतात, ती आपल्याकडची हरळी होय. गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या दूर्वा याच जातीच्या. वखराच्या पासेला अडकून वर येणारे हरळीचे जाळे नेरच्या शेतकऱ्याने जन्मभर वेचून धुऱ्यावर जाळले आहे. त्या जाळ्यातला एकच धागा हातात धरून पाहिला, तर बोटभर अंतरावर एक पेर, प्रत्येक पेराला खाली मुळ्यांचा झुपका आणि वर कोंब, आणि मातीत दडलेला भाग पांढरा, टोकदार, ढेकळातून आरपार गेलेला दिसतो. निंदणाऱ्या बाईला नकोशी वाटणारी ही चिवट वृत्तीच मैदान बांधणाऱ्याला हवी असते, कारण रोज कापले, तुडवले, उन्हात तापवले तरी हरळी पुन्हा पेरापेरातून फुटते.

याच हरळीचा आफ्रिकेतल्या एका नाजूक पानाच्या भाऊबंदाशी संकर करून जॉर्जियातल्या टिफ्टन येथील संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन यांनी ‘टिफग्रीन’ (१९५६) आणि ‘टिफवे’ (१९६०) हे वाण तयार केले, आणि पुढे १९६५ साली ‘टिफड्वार्फ’ हा बुटका वाण आला. उष्ण प्रदेशातल्या मैदानांचे चित्र या वाणांनी पालटले. त्याच बर्टन यांच्या बाजरीवरील कामातून ‘टिफ्ट २३ ए’ ही नर-वंध्य मादी ओळ निघाली, आणि तिच्या आधारे १९६५ साली भारतातली पहिली संकरित बाजरी ‘एचबी-१’ लागवडीस आली. गोल्फचे गवत आणि गरिबाची भाकरी एकाच माणसाच्या टेबलावरून निघाली, ही गोष्ट कृषिशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

दुसरे वाचन जाडजूड ग्रंथाचे नाही. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने ‘ग्रीन’ कसे बांधावे याच्या शिफारशींची जी पुस्तिका १९६० साली प्रथम काढली आणि नंतर वेळोवेळी सुधारली, ती अक्षरशः पाठ करावी. ग्रीन म्हणजे ज्या गुळगुळीत तुकड्यावर चेंडू हलकेच ढकलून १०८ मिलिमीटर व्यासाच्या खळग्यात घालायचा असतो तो भाग. तिथले गवत काही मिलिमीटर उंचीवर कापले जाते, आणि पाणी साचले की तेच सर्वांत आधी कुजते. पुस्तिकेतली रचना अशी: तळाशी दाबून घट्ट केलेली माती, तिच्यात खोदलेल्या चरांत सुमारे ५ मीटर अंतराने टाकलेले सच्छिद्र नळ, त्यांवर १०० मिलिमीटर गिट्टी, आणि तिच्यावर ३०० मिलिमीटर मुख्यतः रेतीचे मिश्रण, ज्यात गवताची मुळे वाढतात. या मिश्रणात चिकणमाती ३ टक्क्यांहून आणि गाळ ५ टक्क्यांहून अधिक नसावा, आणि त्यातून पाणी ताशी किमान १५० मिलिमीटर या वेगाने खाली जावे, अशी अट आहे.

इथे एक शास्त्रीय बाब वाचकाला चकवते. गिट्टीवर बारीक रेती टाकली म्हणजे पाणी झपाट्याने खाली पडेल, असे सहज वाटते. प्रत्यक्षात बारीक कणांमधल्या अरुंद पोकळ्या पाणी धरून ठेवतात आणि गिट्टीच्या रुंद पोकळ्यांत ते सोडत नाहीत, म्हणून वरचा थर तळाकडून पुरेसा भिजेपर्यंत पाणी सीमेवर टांगलेले राहते आणि मग एकदम निचरते. याला अधांतरी जलपातळी म्हणता येईल. कुंडीच्या तळाशी गिट्टी आणि वर चाळलेली रेती घालून, पाणी ओतून, खालचे भोक पाहत बसले की हा नियम डोळ्यांनी दिसतो. हे पाणी गवताच्या मुळांना दोन पावसांमधल्या कोरड्या दिवसांत उपयोगी पडते. पुस्तिकेचे सारे मोजमाप या टांगलेल्या पाण्याची उंची ठरवण्यासाठी आहे, आणि म्हणून थरांची जाडी अंदाजाने बदलणे ही गंभीर चूक ठरते.

काळ्या मातीत ही रचना जशीच्या तशी का चालत नाही, याचे उत्तर नेरच्या कोणत्याही वावरात मिळते. या मातीत चिकणकणांचे प्रमाण ३० टक्क्यांहून अधिक असते आणि ते कण पाणी पिऊन फुगतात व वाळून आकसतात. ज्येष्ठात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मृगाच्या पावसानंतर त्या मिटून वरचे पाणी वरच राहते. अशा जमिनीवर टाकलेला थर दरवर्षी हलतो, नळाचा उतार बिघडतो आणि रेतीच्या पोटात चिकणमाती चढते. या बाबतीत परदेशी पुस्तकांपेक्षा नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचे नकाशे आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे काळ्या जमिनीच्या निचऱ्यावरील साहित्य अधिक कामाचे आहे, आणि चिरंजीवाने ते त्याच टेबलावर शेजारी ठेवून वाचावे.

एवढी पूर्वतयारी झाल्यावर अलिस्टर मॅकेन्झी यांचे ‘गोल्फ आर्किटेक्चर’ (१९२०) उघडावे. पुस्तक लहान आहे आणि लेखक मूळचा डॉक्टर. बोअर युद्धात सैन्याबरोबर असताना बोअर शेतकऱ्यांनी आपले खंदक आजूबाजूच्या जमिनीत कसे बेमालूम मिसळून टाकले होते, हे त्यांनी बारकाईने पाहिले, आणि तीच दृष्टी पुढे मैदानाच्या आखणीत आणली: माणसाने उभारलेला उंचवटा किंवा बंकर, म्हणजे वाळूने भरलेला अडथळ्याचा खड्डा, मूळच्या जमिनीचाच भाग वाटावा. त्यांनी मांडलेल्या तेरा तत्त्वांत दुर्बळ खेळाडूला अडथळा टाळून जाणारी दुसरी वाट असावी, हरवलेला चेंडू शोधण्यात खेळाचा रस जाऊ नये, आणि मैदान सर्व ऋतूंत सारखेच चांगले राहावे, या तीन गोष्टी सर्वांत मोलाच्या आहेत. चुकीला केवळ शिक्षा करणारे मैदान आणि धोका पत्करावा की नाही हे खेळाडूवर सोपवणारे मैदान यांतला भेद, ज्याला डावपेची आखणी म्हणतात, तो इथे पक्का समजतो. त्यांचे दुसरे पुस्तक ‘द स्पिरिट ऑफ सेंट अँड्र्यूज’ १९३४ मधल्या त्यांच्या मृत्यूनंतर एकसष्ट वर्षांनी, १९९५ साली छापले गेले. ते अधिक मोकळे आहे, पण आधी पहिलेच वाचावे.

रॉबर्ट हंटर यांच्या ‘द लिंक्स’ (१९२६) कडे आदराने पाहावे. हा लेखक मूळचा समाजशास्त्रज्ञ. १९०४ साली त्याने अमेरिकेतल्या दारिद्र्यावर ‘पॉव्हर्टी’ हा ग्रंथ लिहिला होता, आणि जमिनीकडे पाहण्याची त्याची नजर तितकीच गंभीर आहे. जॉर्ज थॉमस यांचे ‘गोल्फ आर्किटेक्चर इन अमेरिका’ (१९२७) बांधणीच्या दृष्टीने याहून उपयुक्त, कारण त्यात आराखडे, छायाचित्रे आणि प्रत्यक्ष मातीकामाचा विचार आहे. थॉमस गुलाबांचेही नामवंत अभ्यासक होते. कोल्ट आणि ॲलिसन यांचे निबंध (१९२०) चाळले तरी चालतील. मॅकडॉनल्ड यांचे ‘स्कॉटलंड्स गिफ्ट’ (१९२८) आत्मचरित्राच्या अंगाने जाते, तेव्हा ते इतिहासासाठी वाचावे, बांधणीसाठी नव्हे.

अलीकडच्या पुस्तकांत टॉम डोक यांचे ‘द ॲनाटॉमी ऑफ अ गोल्फ कोर्स’ (१९९२) सर्वांत स्वच्छ आहे, आणि अठरा होल जमिनीवर कोणत्या क्रमाने बसवावेत या प्रश्नावर त्याच्याइतके सुबोध विवेचन क्वचित मिळते. होल म्हणजे इथे केवळ खळगा नव्हे, तर चेंडू मारण्याच्या चौथऱ्यापासून ग्रीनपर्यंतचा सारा पट्टा. मायकेल हर्डझन यांचा मोठा ग्रंथ (१९९६) संदर्भासाठी ग्रंथालयात असला की पुरे.

वाचलेले पडताळण्यासाठी महाराष्ट्रात जागा आहेत. चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे मैदान १९२७ पासून आहे, पुण्यात येरवड्याचे जुने मैदान आहे, आणि सिडकोने खारघरच्या डोंगरपायथ्याशी केलेले मैदान वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पावसात उभे आहे. निचरा शिकायचा तर खारघर भर पावसाळ्यात पाहावे. टंचाईच्या भागांत, विशेषतः लष्करी छावण्यांच्या जुन्या मैदानांवर, ग्रीनऐवजी तेल मिसळून दाबलेल्या रेतीचा ‘ब्राउन’ असे. हा साधा उपाय पुस्तकांत तळटीपेपुरता येतो, आणि तो अन्याय आहे. यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जिथे उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याला टँकर लागतो, तिथे अठरा होलांचे हिरवे मैदान बांधणे कोणत्याही ग्रंथाच्या आधाराने समर्थनीय ठरणार नाही. मात्र हेच ज्ञान तालुक्याच्या क्रीडांगणाला, शाळेच्या चिखलात रुतणाऱ्या मैदानाला आणि पाणथळ वावराला लागू पडते. ते शिकून यावे.

पायपर-ओकली यांचे पुस्तक जुने असल्याने विनामूल्य वाचता येते. प्रारंभ त्याने करावा. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी वावराच्या धुऱ्याजवळ दोन फूट खोल खड्डा घेऊन दर सहा इंचांची माती वेगळ्या पिशवीत भरावी, प्रत्येक पिशवीवर खोली लिहावी आणि चारही नमुने मृद परीक्षण प्रयोगशाळेत पोचते करावेत. अहवाल आल्यावर त्याची प्रत नेरला पाठवावी.

कळावे, आशीर्वाद.

मामा