वेळ मारून नेणाऱ्यांच्या गोष्टी

नॉर्वेच्या एका लोककथेत तीन बोकड आहेत. पलीकडच्या डोंगरावर हिरवंगार गवत, मधे ओढा, ओढ्यावर पूल आणि पुलाखाली ट्रोल नावाचा राक्षस. धाकटा बोकड पुलावर पाय ठेवतो तसा ट्रोल खायला उठतो. बोकड म्हणतो, माझ्या अंगावर काय आहे खाण्यासारखं? मागून माझ्याहून थोरला येतोय, तो चांगला गुबगुबीत आहे. मधलाही हेच सांगून सटकतो. तिसरा येतो तो शिंगं रोखूनच. आस्ब्यॉर्नसन आणि मो या दोन मित्रांनी १८४०च्या दशकात नॉर्वेतल्या गोष्टी गोळा करून छापल्या, त्यांतली ही.

आपल्या भोपळ्यातल्या म्हातारीला वाघ आडवा येतो, तेव्हा ती काय करते? लेकीकडे जाऊन चार दिवस तूप-रोटी खाते, लठ्ठ होते, मग खा म्हणते. लोककथांच्या अभ्यासकांची एक आंतरराष्ट्रीय सूची आहे. आर्ने यांनी ती १९१० मध्ये सुरू केली, थॉम्पसन यांनी वाढवली, उथर यांनी २००४ मध्ये नव्याने मांडली. तिच्यात बोकडांच्या गोष्टीचा क्रमांक १२२ ई आणि ‘लठ्ठ होईपर्यंत थांब’ या गोष्टीचा १२२ एफ. नॉर्वेचा बोकड आणि मराठी घरांतली म्हातारी त्या यादीत शेजारी राहतात. दोघंही दुबळी, दोघांच्याही हातात काही नाही. आहे ती एवढीच अक्कल, की खाणाऱ्याला थोडं थांबवायचं.

मी जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो आणि मुलांसाठी गोष्टी लिहितो. युरोपातल्या लोककथा मी वाचतो त्या नव्याने सांगता येतील का हे बघत. पुष्कळ जण अशा कथेतला राजवाडा उचलतात, बर्फ उचलतात, राजपुत्राचं नाव बदलून चंद्रसेन करतात. अशी गोष्ट आमच्या वर्गात दोन मिनिटंही उभी राहत नाही. मी आधी शोधतो ते हे, की या गोष्टीत दुबळं कोण आहे आणि ते वेळ कशी मारून नेतं. ती जागा सापडली की तिला हात लावायचा नाही, बाकी सगळं खुशाल मोडायचं. चिमणीच्या दारात भिजलेला कावळा उभा असतो आणि ती आतून बाळाला न्हाऊ घालते, पुसते, काजळ घालते. ती गोष्ट दार उघडण्याआधीच्या त्या वेळातच आहे. मेणाचं घर आणि शेणाचं घर बदललं तरी चालेल, पण तो वेळ कापला तर उरतं काय?

हे बोललं की कुणीतरी हमखास म्हणतं, या सगळ्या गोष्टी मूळच्या आपल्याच. त्यात तथ्य नाही असं नाही. टेओडोर बेनफाय या जर्मन पंडितानं १८५९ मध्ये पंचतंत्राचं भाषांतर केलं आणि युरोपातल्या बहुतेक कथा भारतातून गेल्या असं मांडलं. पंचतंत्र पहलवी, अरबी, लॅटिन अशा वाटेनं तिकडे पोचलं हे तर नक्कीच. आमच्या जिल्ह्यातल्या अंबड तालुक्याला लागूनच पैठण आहे. तिथल्या सातवाहनाच्या दरबारी गुणाढ्यानं पैशाची भाषेत बृहत्कथा रचली, राजानं ती नाकारली, तेव्हा त्यानं एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत आगीत टाकलं, अशी कथा आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात जी हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, तिच्याशी कमालीची मिळतीजुळती मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईच्या राखेखाली सापडली. मूर्ती जाते तिथे गोष्टही जात असणार. पण कुणाची आधी, हा दावा मला लिहिताना काडीचाही उपयोगी पडत नाही. नॉर्वेच्या आजीनं बोकडांची गोष्ट सांगताना तिथला पूल घातला, तिथली थंडी घातली, म्हणून ती तिची झाली. आपण आपलं काय घालतो, एवढाच माझा प्रश्न.

आणि घालायचं कुणी, हेही बघण्यासारखं आहे. ग्रिम बंधूंच्या कथासंग्रहाच्या १८१५च्या दुसऱ्या भागातल्या कितीतरी गोष्टी डोरोथिया फीमान या बाईनं सांगितल्या. ती शिंप्याची बायको, कासेल शहरात भाजीपाला विकायला यायची. इकडे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर दख्खनच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा त्यांच्या मुलीला, मेरीला, आया असलेल्या ॲना लिबराता डिसूझा हिनं आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या. मेरीनं त्या १८६८ मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावानं छापल्या. त्यात एक जादूगार आहे, त्याचा जीव दूरच्या एका पोपटात. नॉर्वेच्या गोष्टीतल्या राक्षसाचं काळीज असंच लांबच्या बेटावर, विहिरीतल्या बदकाच्या अंड्यात असतं. त्याच पुस्तकातल्या सोदेवाबाईची सोन्याची चप्पल डोंगरावरून खाली पडते आणि ती राजपुत्राला सापडते. सिंड्रेलाची काचेची चप्पल फ्रेंच लेखक पेरोनं १६९७ मध्ये छापली होती. ॲनाची गोष्ट मात्र आजीकडून आलेली. भाजी विकणारी आणि लेकरं सांभाळणारी, या दोघींच्या तोंडून ज्या गोष्टी निघाल्या त्यांना मालकांची भीती ठाऊक आहे, उद्याच्या चुलीची काळजी ठाऊक आहे.

म्हणून मला ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’ सगळ्यांत जवळची वाटते. तिची सुरुवात कुठल्याही राजापासून होत नाही. मुलखात महागाई आली आहे, लाकूडतोड्याच्या घरात भाकर नाही आणि रात्री नवरा-बायको मुलांना रानात सोडून यायचं ठरवतात. मुलं जागी असतात, सगळं ऐकतात. हे आमच्या भागात समजावून सांगावं लागत नाही. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. दसरा-दिवाळी झाली की अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर इकडून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली. लेकरं एक तर सोबत जातात, नाहीतर आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहतात. आणि आदल्या रात्री घरात काय बोलणं चाललंय ते तीही ऐकतच असतात.

ग्रिमांच्या १८१२च्या पहिल्या आवृत्तीत मुलांना सोडायला सांगणारी त्यांची सख्खी आई आहे. १८४०च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हिमगौरीचा काटा काढू बघणारी राणीही १८१२ मध्ये सख्खीच होती, १८१९ मध्ये तिची सावत्र आई केली. जॅक झाइप्स यांनी २०१४ मध्ये पहिल्या आवृत्तीचं इंग्रजी भाषांतर केलं, त्यामुळे हे आता कुणालाही ताडून बघता येतं. ग्रिम स्वतःच पुनःकथन करत होते, आणि आईची अब्रू राखण्यासाठी त्यांनी दोष सावत्रपणावर ढकलला. मी तो रस्ता धरला नाही. माझ्या वर्गात आजीच्या आधारानं राहणारी मुलं आहेत, सावत्र आईच्या हाताखालची आहेत, आणि कोयता घेऊन गेलेल्या सख्ख्या आईची तर कितीतरी. माझ्या गोष्टीतली आई वाईट नाही. ती उचल घेते, कारण घरात दाणा नाही.

मग रानाचं काय? जालना जिल्ह्यात जंगल नावालाच आहे. जर्मनीतलं ते काळंकुट्ट, वाट हरवणारं अरण्य इथे आणायचं कुठून? पैठणच्या डाव्या कालव्यानं आणि गोदावरीनं आमच्या दक्षिणेकडच्या गावांना ऊस दिला. मोठ्या माणसाच्या डोक्यावरून जाणारा, आत शिरलं की आभाळाची फक्त पट्टी दिसणारा उसाचा फड. पात्यांनी हात चिरतात, दहा पावलांवरचं माणूस ऐकू येतं पण दिसत नाही. मुलांना हरवायला याहून चांगलं अरण्य नाही.

फड मिळाला तसं पुढचं आपोआप जुळत गेलं. ग्रिमांचं घर भाकरीचं, त्याचं छप्पर केकचं, खिडक्या साखरेच्या. आमच्या हणमंत आणि गिरजाला उसाच्या पलीकडे गुऱ्हाळ दिसतं. वाफाळलेली काहिल, गोड वास, पोटात दोन दिवसांची भूक. चेटकिणीची भट्टी ती इथलं चुलवाण. चेटकीण मात्र मी काढून टाकली. एकट्या म्हाताऱ्या बाईवर करणीचा आळ घेणं आपल्याकडे गोष्टीपुरतं राहत नाही. त्यासाठी २०१३ मध्ये कायदा करावा लागला. मी वर्गात उभा राहून म्हातारीला भट्टीत ढकलणार नाही. तिच्या जागी गुऱ्हाळवाला आहे, जाड भिंगाच्या चष्म्याचा, गोड बोलणारा. मुलांनी खाल्लेला गुळाचा प्रत्येक खडा तो वहीत मांडतो. खा रे बाळांनो, मोठे झालात की फेडा.

मूळ कथेत अधू नजरेची चेटकीण रोज हॅन्सेलला पिंजऱ्यातून बोट बाहेर काढायला सांगते आणि तो हाड पुढे करतो. अजून लठ्ठ झाला नाही म्हणून ती थांबते. चार आठवडे थांबते! भोपळ्यातल्या म्हातारीचीच युक्ती ही. या जागेला मी हात लावला नाही. गुऱ्हाळवाला दर आठवड्याला हणमंतचं मनगट चाचपतो. कोयता पेलेल असं झालं की लगेच त्याला फडात लावायचं. हणमंत फटीतून चिपाड पुढे करतो. वाळलेलं, रस निघून गेलेलं उसाचं चिपाड. गुऱ्हाळवाला ते दाबतो, तोंड वाकडं करतो, वहीत आणखी आठवडाभराचा गूळ मांडतो. शेवटी गिरजा जळणाची मोळी टाकायच्या निमित्तानं वही चुलवाणात लोटते.

गावाकडून येताना पहिल्या रात्री हॅन्सेलच्या पांढऱ्या खड्यांसारख्या गारगोट्या हणमंतनं वाटेवर टाकल्या होत्या. आमच्या काळ्या जमिनीत गारगोटी चांदण्यात लांबून चमकते. दुसऱ्या खेपेला भाकरीचे तुकडे टाकले, ते साळुंक्यांनी टिपले. इथवर गोष्ट चालत होती. सहावीच्या वर्गात सांगून झाली तेव्हा मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “सर, वही जाळून काय उपेग? मुकादमाच्या मोबाइलमधी समदं असतंय की.”

वर्ग पेटला. कुणी म्हणालं, मोबाइल पाण्यात टाकायचा. कुणी म्हणालं, पळून जायचं. त्यावर दुसऱ्यानं सांगितलं, पळून गेलं तर मुकादम घरी येतो, आजीला धरतो. तीच मुलगी उठली आणि सांगू लागली. तिच्या आईला लिहिता येत नाही. फडावर असताना आई एका मोळीला एक खडा डब्यात टाकते. मुकादमानं मोळ्या कमी सांगितल्या तर खडे ओतून दाखवते.

ग्रिमांना हे सुचलं नाही. पेरोला सुचलं नसतं. ऊस तोडणाऱ्या बाईला सुचलं, आणि मला ते तिच्या लेकीनं दिलं. आता वही जळत नाही. हणमंतनं वाटेवर टाकलेल्या गारगोट्या गिरजा परतताना एकेक करून वेचते आणि ओट्यात बांधून ठेवते. दुसऱ्या खेपेला तुकडे फसतात ते तसेच फसतात. पण गुऱ्हाळावर राबवलेल्या प्रत्येक मोळीला ती एक गारगोटी बाजूला काढते. हणमंतच्या चिपाडानं जो वेळ मिळतो, त्या वेळात गिरजाचा हा हिशेब तयार होतो. गुऱ्हाळवाला वही उघडतो, ती ओटा सोडते, आणि दोघं समोरासमोर मोजायला बसतात. तिथे मी गोष्ट थांबवून वर्गाला विचारतो की कुणाचा हिशेब खरा ठरायचा आणि ठरवायचं कुणी. मग अर्धा तास मला बोलायला मिळत नाही.