आखाड, मटण आणि मोगरा

इंजिनिअरिंगला आलं की पहिल्या दोन वर्षांत प्रत्येकाला एक नाव चिकटतं आणि ते डिग्रीपेक्षा जास्त टिकतं. आमच्या वर्गात एक 'एम-थ्री' आहे, कारण त्या विषयाने त्याला तीन वेळा परत बोलावलं. मी 'माळी'. आडनाव वेगळंच आहे, पण उरुळी कांचनजवळ सोलापूर रोडला आमची रोपांची नर्सरी आहे, शनिवार-रविवार मी तिथेच राबतो आणि सोमवारी जर्नलवर सही घ्यायला उभा राहतो तेव्हा नखांत माती असते. एवढं पुरे झालं!

मला या नावाचा राग नाही. अरणचे सावता माळी पंढरपूर जवळ असूनही मळा सोडून गेले नाहीत, देवच त्यांच्याकडे आला, असं सांगतात. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे, फुलांच्या धंद्यावरून ते फुले झालं. पण हे सगळं भाषणात बरं वाटतं. वडिलांबरोबर टेम्पोतून कुंड्या पोचवायला गेलो की वॉचमन सर्व्हिस लिफ्टकडे बोट दाखवतो. प्यायला पाणी मिळतं, तेही बहुतेक वेळा दारातच. पुण्यातल्या शंभरएक बाल्कन्या मी आतून पाहिल्या असतील, पण त्यातल्या एकाही घरात मांडी घालून जेवलो नव्हतो.

म्हणून गेल्या आषाढात एम-थ्रीच्या शेजाऱ्यांनी मला जेवायला बोलावलं, तेव्हा मी जरा विचारातच पडलो. त्यांच्याकडे आखाड होता. (हॉस्टेलवरच्या बाहेरगावच्या मंडळींसाठी: श्रावण लागला की आमच्याकडे महिनाभर मटण बंद, म्हणून आषाढात ते मनसोक्त उरकून घेतात, तो आखाड.) एम-थ्रीने तिकडे फुशारकी मारून ठेवली होती, "माझा मित्र झाडांचा डॉक्टर आहे." जुलै म्हणजे नर्सरीचा ऐन सीझन, त्यात रविवार. मला वाटलं वडील नाही म्हणतील. ते म्हणाले, "पाहुणा म्हणून बोलावलंय ना? मग जा. आणि कात्री नेऊ नकोस."

हडपसरमधली चार मजली बिल्डिंग. जिना चढता चढता एम-थ्रीने राजकीय परिस्थिती समजावून सांगितली. शेजारचे काका-काकू चौथ्या मजल्यावर, आणि बरोबर त्यांच्या खाली तिसऱ्यावर राहणारे दुसरे काका-काकू. वरच्या कुंड्यांचं गढूळ पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायचं. त्यावरून भांडण, मग सहा महिने अबोला. आता पाणी पडायचं थांबलं होतं आणि आज खालच्यांनाही बोलावलं होतं. थोडक्यात, आखाड हे निमित्त, मुख्य कार्यक्रम समेटाचा!

हॉलमध्ये सतरंज्या अंथरून पंगत मांडली होती. सुकं मटण, तांबडा रस्सा, बाजरीची भाकरी, इंद्रायणीचा भात, हाताने फोडलेला कांदा. मेसच्या पनीरवर जगणाऱ्या माणसाने यावर काय लिहावं? मी भाकरी चुरून रस्सा ओतणार, एवढ्यात काकूंनी विचारलंच, "तूच का तो माळी? अरे, आमचा मोगरा जरा बघतोस का? दोन मिनिटंच." मी सवयीने उठायला लागलो. तेवढ्यात आतून आजी बाहेर आल्या. सुनेला म्हणाल्या, "आगं, पाव्हणा हाय त्यो. जेवू दे की आधी. मोगरा काय पळून चाललाय?" आणि स्वतः वाकून माझ्या ताटात रस्सा वाढला. पुढे मी किती भाकरी खाल्ल्या हे एम-थ्री कॅन्टीनमध्ये सांगत असतो. त्यातलं निम्मं खोटं आहे.

जेवण झाल्यावर बाल्कनीत गेलो. मागोमाग बडीशेप चघळत सगळी पंगत. मोगरा जुना होता, बुंधा अंगठ्याएवढा जाड. पानं पिवळी, शेंडे मान टाकलेले. उन्हाळ्यात फुलायचा तर या वर्षी चार कळ्यांवर भागवलं होतं. आजी म्हणाल्या की हा गावच्या दारातला. त्यांचं गाव इंदापूर तालुक्यातलं, उजनीच्या पाण्याखाली गेलेलं. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, त्याच्या आधीच गाव उठलं. लग्न होऊन त्यांना तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. पुरुषांनी घराची दारं आणि वासे काढून घेतले, आजींनी मोगऱ्याची एक मुळी फुटलेली फांदी घमेल्यात घालून आणली. आधी नव्या गावठाणात, मग इथे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर दिसतं. "आमचं घर न्हाई दिसत," त्या म्हणाल्या.

मी माती उकरली. एक मूळ ओढलं तर काळी साल बोटात निघून आली आणि आंबूस वास आला. चांगलं मूळ पांढरट आणि टणक असतं. तिसऱ्या वर्षाला जिओटेक्निकलमध्ये आपण घोकतो की मातीच्या कणांमधल्या रिकाम्या जागा पाण्याने पूर्ण भरल्या की माती सॅच्युरेटेड. पेपरात याला दोन मार्क. कुंडीत याचा अर्थ असा की मुळांना हवाच उरत नाही. ती गुदमरतात, बुरशी धरते, कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पाण्यात उभं असलेलं झाड सुकल्यासारखं दिसतं. मग घरातला जो तो येता-जाता तांब्या ओततो. इथे तर ओतणारे तिघं होते!

पण पाणी जात का नव्हतं? एम-थ्रीला एका बाजूने धरायला लावून कुंडी तिरकी केली. तळाच्या भोकात एम-सील. व्यवस्थित, अंगठ्याने दाबून गुळगुळीत केलेलं. वर पाहिलं तर आपण ओरल्सला एक्स्टर्नलकडे पाहतो तसे वरचे काका माझ्याकडे पाहत होते. आजींना यातलं काही माहीत नसावं. आणि खालच्या काकू माझ्या शेजारीच उभ्या!

मी म्हटलं, "भोक बंद झालंय." 'केलंय' म्हटलं नाही. मराठीची ही सोय मला त्या दिवशी फार आवडली. पण खालच्या काकू काही कच्च्या नव्हत्या. वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, हे आमच्या कपड्यांपायी का?" कुणीच बोललं नाही. बडीशेप चावल्याचा आवाज तेवढा येत होता. मी घाईघाईने डिझाइन सांगायला लागलो: एम-सील खरवडून काढायचं, कुंडीखाली विटांचे तुकडे, त्याखाली पसरट ट्रे, ट्रेला नळी, नळी बाल्कनीच्या मोरीत. तेव्हा इतका वेळ गप्प असलेले खालचे काका म्हणाले, "आमच्या जुन्या कूलरची नळी पडलीय. घेऊन येतो." आणि खरंच चप्पल घालून गेले.

आता राहिला खरा प्रश्न, तो आजींनी विचारला. "जगंल का?" गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते मला पाठ आहे: थोडं खत घाला, बघू. आजी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "पानी हितवर येत न्हाई, असं तवा बी एकानं सांगितलं व्हतं. तू तसं सांगू नको."

मी सांगितलं, हे झाड बहुतेक जाईल. पण तीन फांद्या अजून हिरव्या आहेत आणि पावसाळ्यात मोगऱ्याचं फाटे कलम चांगलं लागतं. आजींनी मान हलवली आणि आत जाऊन कोथिंबिरीची कात्री आणून दिली. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या नऊ काड्या निघाल्या. खालची पानं काढून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, वरून दुधाची पिशवी. निघताना काकूंनी सुक्या मटणाचा डबा हातात दिला, वडिलांसाठी.

रात्री काड्या वाळू आणि कोकोपीटच्या मिश्रणात टोचून शेडनेटखाली ठेवल्या. आमच्या नर्सरीत मोगऱ्याची शेकडो रोपं आहेत, सगळी सारखी दिसतात. म्हणून वडिलांनी त्या नऊ पिशव्या वेगळ्या काढून खडूने पाटीवर लिहिलं, 'विकायचे नाहीत.' गणपतीपर्यंत पाच लागल्या, चार गेल्या. हडपसरचं मूळ झाड दसऱ्याच्या आधीच वाळलं. नळी मात्र छान काम करते आहे, त्यात आता तुळस आणि कढीपत्त्याचंही पाणी जातं, असा एम-थ्रीचा रिपोर्ट आहे.

पाचांपैकी दोन रोपं आजींना, एक खालच्या काकूंनी हक्काने मागितलंय. ती पोचवायला वडील माझ्याबरोबर येणार आहेत. आईने काकूंचा तो डबा घासूनपुसून ठेवलाय, आणि रिकामा द्यायचा नाही म्हणून त्यात काय भरायचं यावर घरात चार दिवस चर्चा चालू आहे.